फोटो कुठे ठेवायचा?

परक्या गावात गेले की देऊळ, बाजार आणि बँक या तीन ठिकाणी डोकावल्याशिवाय मला राहवत नाही. पहिल्या दोन गोष्टी सगळेच करतात. तिसरी ही बत्तीस वर्षांच्या नोकरीने लावलेली खोड आहे. काउंटरपुढची रांग कशी सरकते, रोखपाल समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलतो की नुसता नोटांकडे, यावरून गावाची नाडी सापडते अशी माझी जुनी समजूत आहे. २०२४च्या ऑक्टोबरअखेर मी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरी लेकीकडे गेले. तिच्या कंपनीने तिला तीन वर्षांसाठी तिकडे पाठवले आहे. तिथल्या एका बँकेत शिरले आणि दारातच थबकले. ग्राहकांनी बसायच्या जागी एक तीन पायऱ्यांची मांडणी केलेली. त्यावर झेंडूच झेंडू. दसऱ्याला आपल्याकडे ढीग लागतात तोच केशरी-पिवळा झेंडू. मधोमध एका प्रौढ गृहस्थाचा फोटो, शेजारी पाण्याचा पेला, पाव, मेणबत्त्या आणि एक जुन्या पद्धतीचे, कागदी गुंडाळी लावायचे हिशेबाचे यंत्र. शाखेचे दिवंगत व्यवस्थापक. काचेवर सूचना होती : दोन नोव्हेंबरला बँक बंद राहील.

मृतांसाठी बँकांना सुट्टी देणारा देश मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या मांडणीला ओफ्रेंडा म्हणतात. शब्दाचा अर्थ नैवेद्य किंवा अर्पण, पण व्यवहारात तो पूर्ण वेदीसाठीच वापरतात. एक आणि दोन नोव्हेंबर हे कॅथलिक पंचांगातले सर्व संतांचे आणि सर्व मृतात्म्यांचे दिवस. मेक्सिकोत त्यांना मिळून ‘दिया दे मुएर्तोस’, मृतांचा दिवस, म्हणतात. पहिल्या दिवशी लहानपणी गेलेली मुले घरी येतात, दुसऱ्या दिवशी मोठी माणसे. काही गावांत अपघाताने किंवा हिंसेने गेलेल्यांसाठी २८ ऑक्टोबरचा दिवस वेगळा राखलेला असतो आणि अलीकडे तर पाळीव कुत्र्यामांजरांसाठीही २७ तारीख मुक्रर झाली आहे. ज्यांचे मागे कोणीच उरले नाही अशा पोरक्या आत्म्यांसाठीही कुठे कुठे एक मेणबत्ती लावतात. ही शेवटची सोय मला फार आवडली.

लेकीच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. ३१ तारखेला त्यांनी आम्हाला मदतीला बोलावले. जेवणाचे टेबल भिंतीला लावले, त्यावर खोकी रचून पायऱ्या केल्या, वर पांढरी चादर. सगळ्यांत वर ग्वादालुपेच्या मातेची तसबीर, खाली बाईंचे आईवडील, त्याखाली यजमान. यजमानांपुढे त्यांचा चष्मा, तेकिलाची छोटी बाटली आणि सिगारेटचे पाकीट. हेच ते पाकीट, ज्यावरून आम्ही चाळीस वर्षे भांडलो, असे बाई म्हणाल्या आणि पाकिटाची कड नीट टेबलाच्या कडेशी जुळवून ठेवली. प्रवास करून येणारा तहानलेला असतो म्हणून पाणी, शुद्धीसाठी मीठ, वाट दिसावी म्हणून प्रत्येकाच्या नावची एकेक मेणबत्ती. हाडांच्या आकाराच्या पट्ट्या लावलेला गोड पाव. मातीच्या धूपदाणीत कोपाल नावाचा राळेसारखा धूप. वरून रंगीत पातळ कागद कातरून केलेली पताकांची माळ. शेवटी बाईंनी झेंडूच्या पाकळ्या चुरगळून फाटकापासून जिन्यावरून टेबलापर्यंत वाट घातली. पाकळ्यांच्या वासावर मृतात्मे घर शोधत येतात अशी श्रद्धा आहे.

आमच्या घरी पितर कावळ्याच्या रूपाने येत आणि पानाला शिवून लगेच जात. कधी कधी तर येईपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवत. इथे ते रात्रभर मुक्कामाला असतात. दुसऱ्या दिवशी ते अन्न घरच्यांनी खायचे. त्याची चव उतरलेली असते, कारण सार पाहुण्यांनी नेलेले असते, असे बाईंनी सांगितले. मला मोले बेताचेच तिखट लागले, पण तो माझ्या जिभेचा दोष असू शकेल.

झेंडूचे हे नाते वरवरचे नाही. आपण ज्याला अस्सल देशी फूल समजून तोरणात ओवतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. सोळाव्या शतकानंतर युरोपियनांच्या, बहुधा पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्याकडे आला. त्याचे तिथले नाव सेंपासुचिल, नाहुआत्ल भाषेतल्या शब्दाचा अपभ्रंश, अर्थ ‘वीस-फूल’. वीस म्हणजे आपली कोडी, म्हणजेच पुष्कळ. ज्याला कोडीभर पाकळ्या ते फूल. उलट दिशेचाही एक प्रवास आहे. ओफ्रेंडावर मांडतात त्या साखरेच्या कवट्या ज्या कलेतून येतात तिला आल्फेन्यिके म्हणतात. तोलुका शहरात दरवर्षी तिचा बाजार भरतो. हा स्पॅनिश शब्द अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि फारसीत संस्कृत ‘फाणित’ या शब्दावरून. फाणित म्हणजे आटवून दाट केलेला उसाचा रस, आपल्या काकवीचा पूर्वज. पताकांचा तो पातळ कागदही, त्याला ‘चिनी कागद’च म्हणतात, मनिलाहून आकापुल्कोला येणाऱ्या जहाजांतून प्रथम तिकडे पोहोचला. तेव्हा एका टेबलावर किती समुद्र ओलांडून आलेल्या वस्तू एकत्र बसल्या होत्या पाहा.

हे सांगायचे कारण असे, की या सणाविषयी एक सोपी गोष्ट जगभर सांगितली जाते : ही आझ्टेकांची तीन हजार वर्षांची अखंड परंपरा, तिला वरून ख्रिस्ती मुलामा दिला इतकेच. अभ्यासकांचे यावर एकमत नाही. आझ्टेकांचे मृतांचे उत्सव होते यात शंका नाही. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन आणि दिएगो दुरान या पाद्र्यांनी त्यांची वर्णने लिहून ठेवली आहेत. पण ते उत्सव वर्षातल्या दुसऱ्या महिन्यांत येत. एल्सा मालविदोसारख्या मेक्सिकन इतिहासकार बाईंनी तर ठासून सांगितले, की यातले बरेचसे मध्ययुगीन कॅथलिक युरोपातून आलेले आहे आणि ‘प्राचीन आदिवासी परंपरा’ ही ओळख विसाव्या शतकातल्या राष्ट्रवादाने घडवली. मेक्सिकन राज्यक्रांतीनंतरच्या सरकारांना देशाला एक चेहरा द्यायचा होता. तो कवटीचा निघाला. होसे ग्वादालुपे पोसादा हा १९१३ साली गरिबीत वारलेला छापखान्यातला चित्रकार. त्याने एक झोकदार टोपीवाली सापळाबाई कोरली होती. १९४७च्या सुमारास दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात तिला पूर्ण अंगभर उभी केली आणि ती ‘ला कात्रिना’ म्हणून घरोघर पोहोचली.

मेक्सिकन माणूस मृत्यूला हसतो, त्याच्याशी खेळतो, हे सुभाषितही याच काळातले. ते सर्वांत प्रभावीपणे मांडले ऑक्टाव्हिओ पाझने, १९५०च्या आपल्या प्रसिद्ध निबंधग्रंथात. पाझ आपल्याला परका नाही. १९६२ ते १९६८ तो दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको शहरात त्लातेलोल्कोच्या चौकात सैन्याने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा निषेध म्हणून त्याने ते पद सोडले. म्हणजे मृत्यूला हसणाऱ्या देशाचे चित्र रंगवणारा लेखकही त्या मृत्यूंना हसू शकला नाही. क्लाउदिओ लोम्निट्स आणि स्टॅन्ली ब्रँडिस या अभ्यासकांनी पुढे या सुभाषिताची कसून उलटतपासणी केली. ब्रँडिसचे म्हणणे साधारण असे, की उत्सवात कवट्या खाणारा माणूस घरातले कोणी गेल्यावर चारचौघांसारखाच रडतो. घरमालकीणबाईंना सिगारेटचे पाकीट सरळ करताना पाहिल्यावर मला हे पुस्तकातून कळण्याची गरज नव्हती.

बाजाराला मात्र सुभाषित पुरते. २०१३ साली डिस्ने कंपनीने चित्रपटासाठी ‘दिया दे लोस मुएर्तोस’ हे शब्दच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला अर्ज केला होता. म्हणजे ‘सर्वपित्री’ हा शब्द कोणा कंपनीच्या नावावर! अमेरिकेतल्या मेक्सिकन समाजाने असा काही गदारोळ केला की अर्ज मागे घ्यावा लागला. त्यांच्याकडूनच २०१७ साली ‘कोको’ हा चित्रपट आला आणि गंमत म्हणजे मेक्सिकोतच तो त्या वेळपर्यंतचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. चित्रपट गोड आहे, मी नातवाबरोबर दोनदा पाहिला. ज्याचा फोटो ओफ्रेंडावर नाही त्याला पलीकडून येता येत नाही आणि ज्याची आठवण कोणालाच उरली नाही तो पलीकडेही विरून जातो, असा त्याचा गाभा. याहून नवलाची गोष्ट राजधानीतल्या मिरवणुकीची. २०१५च्या जेम्स बाँडपटात मेक्सिको शहरात मृतांच्या दिवसाची एक भव्य मिरवणूक दाखवली होती. अशी मिरवणूक तिथे कधी निघतच नसे. पण पाहुणे ती शोधत येणार, तेव्हा २०१६पासून सरकारने ती खरोखर सुरू केली. आपल्याकडे यावर नाक मुरडणारे पुष्कळ सापडतील. मी मुरडत नाही. २०१७च्या सप्टेंबरात तिथे मोठा भूकंप झाला, शेकडो माणसे गेली आणि त्या वर्षी सिनेमातून उचललेल्या त्याच मिरवणुकीने आरंभी भूकंपातल्या मृतांना व ढिगारे उपसणाऱ्यांना मानवंदना दिली. नकली भांड्यातही खरे पाणी राहू शकते. युनेस्कोने २००३ साली या सणाचा गौरव केला, २००८मध्ये तो मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातला. बार्बी बाहुलीनेही २०१९मध्ये सापळ्याचा वेष केला. असो.

मला जे सांगायचे आहे ते याच्या पलीकडचे आहे, आणि ते मी एका चुकीतून शिकले.

एक तारखेला दुपारी बाईंची धाकटी बहीण आली. साठीच्या आतबाहेरची, शिवणकाम करणारी, हाताला सतत चाळा असलेली. तिने आल्याआल्या मेणबत्त्या नीट केल्या, पाव सारखे केले. मी बसल्याबसल्या खोलीभर पाहत होते. ओफ्रेंडापासून चार हातांवर टीव्हीच्या कपाटावर एका तरुणाचा फोटो होता. विशीबाविशीचा, फुटबॉलचा सदरा घातलेला, हसरा. त्याच्यापुढे काहीच नव्हते. एवढ्या फुलांच्या खोलीत तो एकच फोटो उघडा. मला वाटले, गर्दीत राहून गेला असेल. टोपलीतला एक झेंडू उचलून मी त्याच्यापुढे ठेवायला गेले.

बहिणीने माझे मनगट धरले. जोराने नाही, पण सोडलेही नाही. काहीतरी म्हणाली. माझी लेक पाठीमागून हलक्या आवाजात म्हणाली, “आई, नको. तो गेलेला नाही. तो हरवलाय.”

तो तिचा मुलगा. २०१९च्या एका संध्याकाळी कामावरून निघाला आणि घरी पोहोचला नाही. तिने त्याचा मोबाइलचा नंबर चालू ठेवला आहे. दर महिन्याला त्यात पैसे भरते. कंपनीने नंबर दुसऱ्या कोणाला देऊन टाकू नये म्हणून. मी माझ्या हातातले फूल कुठे ठेवावे हे मला बराच वेळ सुचेना. शेवटी ते मी पर्समध्ये टाकले.

मेक्सिकोतल्या बेपत्ता माणसांच्या सरकारी नोंदवहीने २०२२च्या मे महिन्यात एक लाखाचा आकडा ओलांडला. २०२५मध्ये तो सव्वा लाखाच्या घरात गेला. यातली बहुतेक माणसे २००६च्या अखेरीला सरकारने अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवल्यानंतरची. कोणाला टोळीने नेले, कोणाला जबरदस्तीने भरती केले, कोणाला पोलिसांनीच टोळीच्या हवाली केले. २६ सप्टेंबर २०१४च्या रात्री इग्वाला गावातून आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाची ४३ मुले नाहीशी झाली, ते प्रकरण जगभर गाजले. बाकीच्यांची नावे त्यांच्या आयांना ठाऊक. ग्वादालाहारा ज्या हलिस्को राज्याची राजधानी आहे ते या यादीत कायम वरच्या क्रमांकांत असते. शहरातल्या एका मोठ्या चौकातल्या स्मारकाला २०१८पासून घरच्यांनी बेपत्तांचे फोटो चिकटवायला सुरुवात केली आणि चौकाचे नावच आता ‘बेपत्तांचा चौक’ पडले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात शहरालगत एक शीतगृहाचा ट्रक सापडला. सरकारी शवागारात जागा नाही म्हणून त्यात अडीचशेहून अधिक अनोळखी मृतदेह भरून तो इथून तिथे हलवला जात होता. लोकांनी वासाची तक्रार केली तेव्हा बोभाटा झाला. २०२१मध्ये बेपत्तांच्या कुटुंबीयांच्या चळवळीने हिशेब मांडला, तेव्हा देशभर ५२ हजारांवर मृतदेह ओळखीविना पडून होते. एका वहीत नावे, त्यांना देह नाहीत. दुसऱ्या वहीत देह, त्यांना नावे नाहीत. दोन खात्यांचा मेळ बसत नाही, असे आमच्या व्यवसायात म्हणतात. तो बसवायला शाखेत आम्ही रात्री जागवीत असू. इथे वर्षे लोटली.

ज्या देशाने मृतांसाठी इतकी देखणी जागा राखली, त्या देशात या लोकांना बसायला जागा नाही. ओफ्रेंडावर फोटो ठेवायचा म्हणजे तो गेला हे कबूल करायचे. आणि न ठेवावा, तर पाकळ्यांची वाट, पाण्याचा पेला, आवडीचे जेवण हे सगळे शेजारपाजारच्यांच्या माणसांना मिळणार आणि आपल्याला नाही. सगळ्या आया एका मताच्या नाहीत. काही जणी ठेवतात. म्हणतात, कुठे असेल तिथे त्याला उजेड तरी दिसू दे. काही जणी चौकांत बेपत्तांसाठी वेगळी वेदी मांडतात, आणि ती नैवेद्याची नसून जाब विचारण्याची असते. बऱ्याच जणी ठेवत नाहीत. ‘जिवंत नेलेत, जिवंत परत द्या’ ही त्यांची घोषणा. १९७५ साली मोंतेरे शहरातून ज्यांचा मुलगा उचलला गेला त्या रोसारिओ इबारा यांच्या पिढीपासून ती चालत आली आहे. या बाई पुढे सिनेटर झाल्या, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढवल्या. २०१९मध्ये सिनेटने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान, बेलिसारिओ दोमिंगेस पदक दिले. ते त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या स्वाधीन केले. आमच्या मुलांचे काय झाले हे सत्य हाती येईल तेव्हा त्यासह परत करा, असा निरोप देऊन. २०२२च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. बँकेत मी नाना तऱ्हेच्या ठेवी पाहिल्या. अशी एकही नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. मनगटावरचा हात राहून राहून जाणवत होता. आणि दुसऱ्याच एका हाताची आठवण येत होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरगावी मी शाखेत अधिकारी होते. तिथे एक मासळी विकणारी बाई यायची. नवरा खलाशी. एका ऑगस्टमध्ये होडी गेली ती आलीच नाही. चौघांपैकी दोघांचे देह लागले, याचा नाही. त्याच्या नावे बचत खात्यात चार-साडेचार हजार रुपये होते. वारसाचे नाव लावलेले नव्हते. मी तिला नियमाप्रमाणे सांगितले, मृत्यूचा दाखला आणा. दाखला नसेल तर सात वर्षे थांबा. सात वर्षे ज्याची काही खबरबात नाही तो मेला असे कायदा धरून चालतो, मग कोर्टातून हुकूम आणा. (त्या पुराव्याच्या कायद्याचे नाव २०२४मध्ये बदलले, सात वर्षे तीच राहिली.) तिने सगळे ऐकून घेतले. आठव्या वर्षी, माझी बदली होऊन मी पुन्हा त्याच शाखेत आले होते, तेव्हा मीच तिला बोलावून अर्ज पुढे केला. मला वाटत होते, आपण एक चांगले काम करतो आहोत. तिने ‘मयत खातेदाराचे नाव’ हे शब्द माझ्याकडून वाचून घेतले आणि अर्ज उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाली, “मॅडम, तो मेला असं मी लिहून देऊ? आणि उद्या आला तर त्याला काय सांगू?”

मी तिला समजावू लागले. मुलांच्या शाळेचे, घराच्या कौलांचे बोलले. तिने माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवले. अगदी असाच. त्यानंतर ती दर वर्षी यायची आणि नवऱ्याच्या खात्यात दहा रुपये भरून जायची. व्यवहार झाला नाही की खाते बंद पडते, एवढे तिला कोणीतरी सांगितले होते. शिपाई हसत असत. मीही एकदा हसले होते.

आमचा कायदा तिला दोनच दारे दाखवत होता. एकावर ‘जिवंत’ लिहिलेले, दुसऱ्यावर ‘मयत’. तिला तिसरे हवे होते. हे तिसरे दार असू शकते हे मला मेक्सिकोत कळले. अर्जेंटिनाने १९९४ साली लष्करशाहीत नाहीशा झालेल्यांसाठी ‘जबरीने बेपत्ता, म्हणून अनुपस्थित’ असा दर्जा कायद्यात आणला. मेक्सिकोच्या संसदेने २०१८मध्ये ‘अनुपस्थितीची विशेष घोषणा’ करण्याचा कायदा केला. न्यायालय त्या माणसाला मृत म्हणत नाही. तो गैरहजर आहे, एवढेच म्हणते. घरच्यांना त्याच्या मालमत्तेची देखभाल करता येते, मुलांचा ताबा आणि विमा-निवृत्तिवेतनाचे हक्क शाबूत राहतात, त्याच्या कर्जाचे तगादे थांबतात, आणि मुख्य म्हणजे शोध बंद होत नाही. हे वाचताना माझ्यातली जुनी अधिकारी चटकन जागी झाली : जोखीम कोणी घ्यायची, तो परत आला तर हिशेब कसा लावायचा? त्याचीही तरतूद आहे. आला तर मालमत्ता असेल त्या स्थितीत त्याची. अंमलबजावणी रडतखडत चालते, अनेक घरांना या कायद्याचा पत्ताही नाही. शिवणकाम करणाऱ्या त्या मावशींना माझ्या लेकीने कागद काढून दाखवला. त्यांनी तो घडी करून ठेवला आहे.

त्याच मुक्कामात लेकीने मला एक दिवस तेउचित्लानला नेले. ग्वादालाहाराच्या पश्चिमेला दीड तासावर गाव आहे. तिथे ग्वाचिमोंतोनेस नावाचे दोन हजार वर्षांपूर्वीचे वर्तुळाकार पिरॅमिड आहेत. हिरव्या गवताची पायऱ्यापायऱ्यांची टेकाडे, खाली तळे. आम्ही डबा खाल्ला, फोटो काढले. पुढच्याच मार्चमध्ये, २०२५ साली, त्या गावाचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. गावाच्या हद्दीतल्या एका रांचवर बेपत्तांचा शोध घेणारे घरचे लोक स्वत: फावडी घेऊन शिरले. त्यांना जळालेल्या हाडांचे तुकडे, कपडे, पाठीवरच्या पिशव्या आणि शेकडो बूट सापडले. राष्ट्रीय सुरक्षा दलाने आधीच्या सप्टेंबरात तिथे छापा घातला होता; इतके सारे नजरेतून कसे सुटले, याचे उत्तर मिळाले नाही. टोळीचा भरतीचा आणि प्रशिक्षणाचा अड्डा होता हे सरकारने मान्य केले, तिथे माणसे मारून जाळली का, यावर सरकार आणि आया यांच्यात वाद राहिला. १५ मार्चला देशभरच्या चौकांत लोकांनी मेणबत्त्या लावल्या आणि त्यांच्यापुढे रिकामे बूट मांडले. नोव्हेंबर नव्हता, झेंडू नव्हता. तरी ते काय होते हे कोणाला सांगावे लागले नाही.

सरकारी वकिलांच्या कचेरीने त्या वस्तूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली. मावशींनी ती एकेक करून पाहिली. लेक शेजारी बसली होती. प्रत्येक बुटावर बोट ठेवून त्या ‘नाही’ म्हणत होत्या. दोन रात्री लागल्या. शेवटचा बूट ‘नाही’ झाल्यावर त्यांचा चेहरा कसा होता असे मी फोनवर विचारले, तर लेक म्हणाली, आई, ते मला सांगता येणार नाही.

मग आले २०२५चे मृतांचे दिवस. १ नोव्हेंबरच्या रात्री शेजारच्या मिचोआकान राज्यातल्या उरुआपान गावी मुख्य चौकात मेणबत्त्यांचा सोहळा चालला होता. महापौर कार्लोस मान्सो कुटुंबासह तिथे आले होते. टोळ्यांविरुद्ध उघड बोलणारा, केंद्राकडे जाहीरपणे मदत मागणारा माणूस. त्या उजेडातच त्यांना गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी हजारो लोक रस्त्यावर उतरले. याच राज्यात पात्सक्वारोच्या तळ्यातल्या हानित्सियो बेटावर मृतांची रात्र पाहायला पर्यटकांच्या होड्या लागतात आणि याच सुमारास उत्तरेकडून केशरी फुलपाखरांचे थवे त्या डोंगरांत येतात. तीच परत आलेली माणसे, असे तिथले जुने लोक मानतात. होड्या त्याही वर्षी लागल्या. फुलपाखरेही आली.

लेकीचा फोन दोन तारखेला आला. घरमालकीणबाईंनी टेबल मांडले होते, यंदा गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या दोनच. सिगारेटचा छाप बदलला आहे, जुना मिळत नाही. त्यावर बाई यजमानांच्या फोटोला बरेच काही बोलल्या म्हणे. मावशी आल्या होत्या. मी भीतभीत विचारले, तो फोटो? टीव्हीच्या कपाटावरच आहे, लेक म्हणाली. पुढे फूल नाही, मेणबत्ती नाही. फक्त मावशींनी जेवायला बसताना एक ताट जास्त घेतले, ओफ्रेंडावर नाही, आपल्या शेजारी, जेवणाऱ्यांच्या रांगेत. जेवण झाल्यावर ते झाकून फ्रिजमध्ये ठेवले. आणि निघताना लेकीला म्हणाल्या, महिना भरत आला, तुझ्या फोनवरून जरा त्याच्या नंबरात पैसे टाक, मी तुला रोख देते.